डोल्माची सुट्टी

डोल्माला मी फसवलं. ती नऊ वर्षांची होती, मी बेचाळीसचा. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आता सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. हलकंबिलकं काही होत नाही.

आधी मी कोण, ते ऐका. शाळा सातवीत सुटली. जहाजावर भांडी घासत ऑकलंडला आलो, दुसऱ्यांच्या शेतांत गाजरं उपटली, मग स्वतः जमीन भाड्याने घेतली. दर रविवारी अवोन्डेलच्या बाजारात माझी कोथिंबीर, माझी मेथी. भाव करण्यात मला कुणी हरवलेलं नाही. आमच्या मराठी मंडळात मात्र सगळे डॉक्टर, नर्स, फार्मसिस्ट. गणपतीच्या जेवणाला भाजी माझी, आणि बसायला जागा — दाराजवळ, चपलांशेजारी. हाक मारायची ती “अहो भाजीवाले”. नावाने बोलवायला यांचं काय जात होतं?

त्यांतल्या डॉक्टर सुलभाताईंनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एक काम काढलं. हिमालयातल्या अगदी वरच्या खेड्यांतली गरीब मुलं खाली तालुक्याच्या गावी वसतिगृहात ठेवून शिकवणारी एक लहानशी शाळा होती. इथल्या एकेका घराने तिथल्या एकेका मुलाचा खर्च उचलायचा. बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या. मी चौकशी केली. हिवाळ्याच्या लांब सुट्टीत मुलं घरी जातात, मागे खिंड बर्फाने बंद होते, आणि बरीचशी पुन्हा खाली येतच नाहीत — गुरं असतात, धाकटी भावंडं असतात. मी म्हटलं, मग माझी मुलगी सुट्टीला घरी जायची नाही. मी ‘हो’ म्हटल्याशिवाय तर नाहीच.

“शेठ, मुलगी आहे ती. कोथिंबिरीची जुडी नव्हे,” सुलभाताई म्हणाल्या.

“जुडीसुद्धा मी अर्धी विकत नाही, ताई.”

सगळे हसले. ताईही हसल्या, आणि म्हणाल्या, “बरं, कळवते तसं.”

अशी डोल्मा माझ्या वाट्याला आली. पत्रं हिंदीत यायची. मंडळाच्या सभेत प्रत्येकाने आपापल्या मुलाचं पत्र उभं राहून वाचायचं, ही आमची पद्धत. डॉक्टरांच्या मुलांची पत्रं काय — सर्दी झाली, नवा स्वेटर मिळाला. माझी डोल्मा पहिल्याच वर्षी वर्गात दुसरी! त्या दिवशी मला पुढे बसवलं, सुलभाताईंच्या शेजारी. खोटं कशाला बोलू — त्या खुर्चीची मला चटक लागली.

पुढच्या ऑक्टोबरात तिचं पत्र आलं. गाडीत पालकाच्या पेट्या भरता भरता मी ते फोडलं. आई आजारी आहे, खोकल्यातून रक्त पडतं. दिवाळीनंतर गावची खेचरं शेवटची खेप घेऊन वर जातील, मग खिंड बंद. त्यांच्याबरोबर जाऊ का? मास्तरजी म्हणतात, न्यूझीलंडच्या काकाजींचा फोन आला तर सोडतो. शेवटची ओळ तिने दोनदा लिहिली होती. मी परत येईन. मी परत येईन.

फोनचा नंबर पत्रातच होता. ‘जाऊ द्या तिला’ — एवढंच बोलायचं होतं. वेळ नव्हता का? होता. मग? मला वाटलं, गेली की ही काही परत येत नाही. आणि मग सभेत कुजबुज — भाजीवाल्याची मुलगी पळाली. मी फोन केला नाही.

बरं, तेवढ्यावर तरी थांबलो का? त्याच आठवड्यात सभा होती. मी उभा राहिलो, तोच कागद डोळ्यांपुढे धरला आणि वाचू लागलो — काकाजी, मी मजेत आहे, गणितात पहिली आले, सुट्टीत इथेच राहून अभ्यास करणार आहे. शब्द न् शब्द माझा. शेजारी बसलेल्या सुलभाताईंची नजर कागदावर गेली, तिथे थोडी थांबली, आणि त्यांनी ती खिडकीकडे वळवली. मग टाळ्या पडल्या, ताईंचीही.

तिकडचं बर्फ वितळल्यावर दुसरं पत्र आलं. चार ओळी. काकाजी, माझं आधीचं पत्र तुम्हाला पोचलं नसेल. आई पौषात गेली. खिंड उघडल्यावर निरोप आला. आता सुट्टी नको.

पोचलं नसेल! माझ्यासाठी सबब तिनेच शोधून ठेवली होती. आणि मी ती उचलली. उत्तरात लिहिलं — हो बेटा, पोचलं नाही.

हेच ते. फोन केला नाही तो भित्रेपणा. ही ओळ मात्र मी शांतपणे टेबलाशी बसून, चांगल्या अक्षरात लिहिली.

गेल्या महिन्यात डोल्मा दहावी पास झाली आणि मंडळाने माझा सत्कार केला. शाल घेताना मी मान खाली घातली नाही. आजही घालत नाही. पण ‘शिकली ना शेवटी’ असं कुणी मला समजावायला आलं, तर त्याच्याशी मी भांडेन. आईला शेवटचं बघण्याच्या बदल्यात शाळा — हा भाव मी ठरवला, तिला न विचारता.

आता तुम्ही, सुलभाताई. अट माझी होती, कळवलीत तुम्ही. पत्र देवनागरीत होतं, तुमच्यापासून हातभर अंतरावर. तुम्ही पाहिलंत म्हणून माझं खोटं गुंजभरही कमी होत नाही. ते माझं आहे, माझंच राहील. पण ते पत्र अजून माझ्याकडे आहे. येत्या सभेला घेऊन येतो. या वेळी उभं राहून तुम्ही वाचायचं — जे लिहिलंय तेच, दोनदा लिहिलेल्या शेवटच्या ओळीपर्यंत. आणि मग सगळ्यांसमोर सांगायचं — त्या दिवशी तुम्ही टाळी का वाजवलीत?