हाफिजसाहेबांची उजळणी

उन्हाळ्यातल्या दुपारी सोलापूर जागं असतं की झोपेत, हे मला आजवर कळलेलं नाही. कूलरची घरघर, गल्लीपलीकडच्या यंत्रमागांचा खडखडाट आणि त्यावर तरंगणारा हाफिजसाहेबांचा आवाज. अख्खं कुराण त्यांना तोंडपाठ. ते उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, मी इतिहास शिकवून.

वीस वर्षं आम्ही एकाच गोष्टीवर भांडत आलो: इस्लामच्या आरंभाला पुरावा काय? मी म्हणायचो, पैगंबरांची चरित्रं शंभराहून जास्त वर्षांनी लिहिलेली, तेवढ्यात किती काय बदललं असेल! एकदा कुराणाच्या कुठल्याशा जुन्या चामडी पानांचं वय पैगंबरांच्या काळाच्या जवळचं निघाल्याची बातमी हाफिजसाहेबांनी पेढे आणावेत तशी आणली. मी लगेच मोडता घातला.

"मेंढी कधी कापली ते कळलं. शाई कधी लागली ते कुठं कळलं?"

"लई खवट हाय तुमी, सर," ते हसले. "कागद नंतरचा. आमच्यात आधी कान. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं चूक धरायची."

"कान हा पुरावा नव्हे." हट्टीपणात मी कुणाला हार जात नाही.

यंदा रमजानच्या तोंडावर ते देवनागरीत छापलेलं कुराण घेऊन आले. त्या महिन्यात मशिदीत रोज थोडं थोडं करून ते अख्खं म्हटलं जातं, आणि इतकी वर्षं म्हणायला हेच पुढं उभे राहत.

"हल्ली मधेच विसरतो. घरच्यांपुढं म्हणायची लाज वाटते. तुमी पुस्तक धरा. तुमच्याइतका संशयी माणूस कुठून आणू?"

मी हातपाय धुऊन बसलो. त्यांनी डोळे मिटले. अर्थ कळत नव्हता, बोट अक्षरांवरून सरकत होतं. वाटलं, कागद न पाहिलेल्या कुठल्यातरी गावात, तंबूच्या सावलीत मी कुणाचं तरी ऐकत बसलोय. किती वेळ गेला कोण जाणे.

मग एक ओळ गळली. ते तसेच पुढं गेले. चेहऱ्यावर इतकं समाधान की ते मोडवेना. आयुष्यभर पुरावा मागितला, आणि बोटाखाली आला तेव्हा मला तो नको होता.

"ओळ राहिली," शेवटी मी म्हणालो.

ते मागे गेले. पुन्हा तिथंच गळली. तिसऱ्यांदाही. त्यांनी डोळे उघडले.

"यंदा दुसऱ्या कुणाला उभं राहायला सांगतो."

"मी बोलायला नको होतं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातून पुस्तक अलगद घेतलं. "चौदाशे वर्षांत कुणी गप बसलं न्हाय, सर, म्हणून तर ते माझ्यापर्यंत आलं. तुमीच पयले गप बसणार होता व्हय?"