आईचे मराठी आकडे

वेबसाइटवरचे फॉर्म बनवणं हे माझं काम. मालाडच्या आमच्या ऑफिसात टेस्टिंगला जो तो स्वतःचाच नंबर टाकतो आणि फॉर्म पास होतो. होणारच ना, नंबर तपासायचे नियमही आमचेच! म्हणून मी नवा फॉर्म बोरिवलीला घरी आईच्या मोबाइलवर उघडून द्यायचो.

तिचा कीबोर्ड मराठी. पहिल्याच वेळी तिने आपला नंबर मराठी आकड्यांत टाकला आणि खाली लाल अक्षरं आली: नंबर चुकीचा आहे.

"मेल्या, माझो नंबर माका ठावक नाय?" आई तडकली.

मीही वैतागलो, पण मोबाइलवरचा नियम बदलला. आता मोबाइलने तिचे आकडे घेतले, तर ते जिथे जमा होतात त्या ऑफिसच्या सर्व्हरने अडवले. मोबाइलवरची तपासणी कोणीही चुकवू शकतो, म्हणून सर्व्हर सगळं पुन्हा तपासतो.

"परत नापास केल्यान!" आई म्हणाली. तेव्हा कुठे मी दोन्हीकडे दुरुस्ती केली.

आई गेल्या वर्षी गेली. काल नवा फॉर्म घरी आणला, पण दाखवायचा कुणाला? शेवटी मीच तिचा नंबर टाकला, मराठी आकड्यांत. मोबाइलने घेतला, सर्व्हरनेही घेतला. हिरवी अक्षरं आली: नंबर बरोबर आहे.

काय वाटलं कुणास ठाऊक, मी तो नंबर लावला. रिंग गेली. एका अनोळखी बाईने उचलला.

"कौन चाहिए?"

"सॉरी," मी म्हटलं, "राँग नंबर."