मामाच्या माफीचा अर्ज

माझा मामा ग्वाल्हेरच्या फौजेत होता. तिथल्या हजीरा मोहल्ल्यात विहिरीच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी भांडण झालं, रागाच्या भरात त्याने कुऱ्हाड घातली आणि शेजारी जागीच गेला. मामाने ते कधी नाकारलं नाही. त्याला फाशीची शिक्षा झाली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

"मी महाराजांच्या पाया पडते," आई म्हणाली. "ते एका शब्दात माफ करतील."

वडील जयेंद्रगंजात एका वकिलाकडे मुन्शी होते. "महाराज आपल्या मुलीहून लहान आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "गादी त्यांची, पण ते वयात येईपर्यंत कारभार कौन्सिल बघतं. माफीचं तिथेच ठरणार. अर्ज मी तिकडे धाडलाय."

"राजा असून हातात काहीच नाही, असं कसं होईल?"

दसऱ्याच्या सवारीला ती मला घेऊन फूलबागेपाशी उभी राहिली. हत्ती जवळ आला तशी गर्दीतून वाट काढत पुढे धावली. हातात अर्जाची दुसरी प्रत होती. एका शिपायाने ती घेतली.

"अर्जी पहुँच गई, बाई. पीछे हटो."

अंबारीतून महाराजांनी सगळ्यांना करत होते तसाच तिलाही नमस्कार केला. घरी येईपर्यंत आई रडत होती, पण आनंदाने.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. दोन ओळी आणि खाली मोहोर: अर्ज नामंजूर.

शेवटच्या भेटीला तुरुंगात मीही गेले. मामा पार वाळला होता. त्याने आधी तेच विचारलं, "ताई, महाराजांनी वाचला का गं अर्ज?"

"वाचला," आई म्हणाली. "डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. पण त्यांच्या हातात नव्हतं."

मामाने गज धरले. "लेकरू आहे ते," तो म्हणाला. "त्याला कशाला त्रास दिलास?"

दोन दिवसांनी त्याला फाशी दिली.

पुढे राजे गेले, राष्ट्रपती आले. माफीची सही राष्ट्रपतींची असते, पण चालतं मंत्र्यांच्या सल्ल्याने, असं वडिलांनी एकदा पेपर वाचता वाचता सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. तिने वर पाहिलं नाही.

"मग बहिणीने जायचं कुणाकडे?" तिने विचारलं.

वडिलांनी पेपरची घडी घातली.