धर्मशाळेतली नथ

त्या केसची बातमी कुठेच छापून आली नाही, पण माझ्या मनातून ती अजून गेलेली नाही. मी पोलीस खात्यात थोडीच वर्षं होते, पनवेलजवळच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक म्हणून. कुणाचं नाव सांगणार नाही.

बोरघाटाच्या माथ्याजवळ, रस्त्याच्या कडेला, एक जुनी दगडी धर्मशाळा आहे. घाट चढून दमलेल्या वाटसरूंसाठी बांधलेली. तिच्या दाराला कडी नाही. कुणीही यावं, पथारी टाकावी. उरणकडच्या एका कोळी कुटुंबाने कार्ल्याच्या देवीला पायी जाताना तिथे मुक्काम केला. मुलगा वादळातून जिवंत परतला म्हणून देवीला सोन्याची नथ बोलली होती. ती कापडी पिशवीत घालून सुनेने उशाशी ठेवली. सकाळी पिशवी नव्हती. त्याच खोलीत झोपलेला एक ट्रक ड्रायव्हरही नव्हता.

घाट आमच्या हद्दीत नव्हता, पण ड्रायव्हरचं वर्णन आमच्याकडे आलं होतं. खबऱ्याचा फोन आला, तसाच एक माणूस कळंबोलीत सोनाराचं दुकान विचारत फिरतोय. आम्ही त्याला ठाण्यात आणलं. अंगझडतीत लहान मुलीचं तुटलेलं पैंजण निघालं. नथ नाही.

"लेकीचं आहे, मॅडम. जोडून घ्यायचं होतं."

"मग पहाटे न सांगता का निघालास?"

"सगळे झोपले होते. कुणाला उठवून सलाम करू? माल न्हावा शेव्याला पोचवायचा होता."

हवालदार हसले. "गोड बोलतोय. तासभर माझ्या ताब्यात द्या मॅडम, नथच काय, नाकसुद्धा काढून देईल."

मी त्यांना थांबवलं आणि फिर्यादींना बोलावून घेतलं. मी कमी बोलते, म्हणून ठाण्यात माझी चेष्टा व्हायची. पण समोरचा बोलत असताना त्याच्या हातांकडे बघायची मला सवय होती.

म्हातारा सासरा जबाब देत होता. सुनेने हातातली पिशवी खाली फरशीवर ठेवली. त्याने बोलता बोलता ती उचलली आणि खिडकीच्या गजाला बांधून टाकली. थोड्या वेळाने हवालदारांची डब्याची पिशवीही तिच्या शेजारी लटकत होती. जबाब चालूच होता.

"बाबा, पिशव्या का बांधल्यात?"

तो स्वतःच चमकला. "सवय हाय, बाय. होडीत आमी काय बी खाली ठेवत नाय. तळाला पानी असतं."

"धर्मशाळेत नथीची पिशवी खालीच होती ना?"

सून खालच्या आवाजात म्हणाली, "मामांनी रातीला थोरी दारू घेतली व्हती, मॅडम."

"गप बस गो! देवीच्या वाटेवर हाव आपन!"

हे कुणीच जबाबात सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं. मी लगेच घाटाकडच्या ठाण्याला फोन लावला आणि म्हटलं, धर्मशाळेत जमीन सोडा, वर बघा. तुळईच्या खुंटीला, जळमटांमागे, पिशवी बांधलेली होती. होडीवरची गाठ. ती सोडवेना, शेवटी नाडी कापावी लागली. नथ आत होती.

ड्रायव्हरला सोडलं. तोवर त्याच्या मालकाने गाडी दुसऱ्याच्या हाती दिली होती. मी मालकाला फोन केला. तो "बघतो" म्हणाला. म्हाताऱ्याने हात जोडले. "चुकी झाली, बाबा. चल आमच्यासंगती, आईचं दर्शन घे."

"तुम्ही जाऊन या," ड्रायव्हर म्हणाला. आवाजात राग नव्हता.

चौकशी करताना आपण अनोळखी माणसापासून सुरुवात करतो, कारण तेच सगळ्यात सोपं असतं. घरच्यांच्या सवयी घरच्यांना दिसत नाहीत आणि त्यांची लाज पोलिसांना दिसत नाही. हे मी त्या केसमध्ये शिकले. पुढे प्रत्येक चोरीत मी पहिला प्रश्न फिर्यादीला विचारू लागले.

ड्रायव्हर पैंजण रुमालात गुंडाळत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "घाटात पुन्हा मुक्काम पडला तर?"

"गाडीतच झोपेन, मॅडम," तो म्हणाला. "आतून काच लावून."