जित्या नवऱ्याची वीरपत्नी

हंसाबाई आडेच्या तोंडाला लागू नये, हे महागावच्या बाजूचा कोणताही शहाणा माणूस आपणहून सांगेल. तांड्यावर मतं मागायला आलेले लोक तिचं घर आलं की घाईत असल्यासारखं दाखवत. तिच्या चुलत दिराने एकदा दोन शेतांमधल्या धुऱ्यावरचे हद्दीचे दगड हातभर सरकवले होते. तिने भर पोळ्याच्या दिवशी, बैल सजवून उभे असताना, सगळ्या तांड्यासमोर ते दगड त्याच्याच डोक्यावर देऊन परत जागेवर ठेवायला लावले. तेव्हा तिचं वय पंचविशीच्या आत होतं आणि नवरा हजारो मैल लांब फौजेत होता.

नवरा, धरमसिंग, खेचरांच्या पलटणीत होता. जिथे ट्रक जात नाही तिथे खेचराच्या पाठीवर पीठ, रॉकेल, दारूगोळा चढवायचा आणि स्वतः लगाम धरून पुढे चालायचं, हे त्याचं काम. "आज्याने बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं, नातू खेचराच्या पाठीवर पीठ वाहते. सरकारनं लमाण बरोबर वळखला," असं हंसाबाई म्हणायची. म्हणायची हसत, पण दुसऱ्या कोणी म्हटलं तर त्याची खैर नसे.

त्याच्या नोकरीची सगळी वर्षं तिने शेत एकटीने ओढलं. कपाशी, तूर, आजारी सासू, पदराला दोन लेकरं. कारगिलची लढाई झाली त्या उन्हाळ्यात त्याचा काहीच पत्ता नव्हता. तांड्याच्या फाट्यावर पोस्टमनची सायकल दिसली की ती गोठ्यात शिरायची आणि म्हशीचं शिंग घट्ट धरून उभी राहायची, सायकल निघून जाईपर्यंत. तांड्यातल्या बाया तिच्याशी एकाएकी गोड बोलू लागल्या होत्या. त्या गोडपणानेच तिचे हातपाय गार पडत. तो थंडीत परत आला, डाव्या पायाची दोन बोटं बर्फात ठेवून. दारात उभा राहिला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पोरगी भिते तुमाले. आधी दाढी करून या."

असा हा जोडा. धरमसिंग निवृत्त होऊन आता शेळ्या राखतो. फौजेने त्याला थांब म्हटलं की थांबायची जी सवय लावली, ती बायकोच्या चांगलीच उपयोगी पडली.

महागावात मायभूमी मंच नावाचं एक मंडळ आहे. त्यांना वर्षातून दोन-तीनदा देशप्रेमाची उबळ येते आणि ती आली की चौकाचौकांत बॅनर लागतात. बॅनरवर पंधरा-वीस कार्यकर्त्यांचे हात जोडलेले फोटो, मध्ये मंचाचे पुढारी असलेल्या ढेरपोट्या भाऊंचा, आणि जागा उरली तर कोपऱ्यात सैनिक. या मंचाचा नयन नावाचा अध्यक्ष, तिशी ओलांडलेला, वडिलांच्या कृषी केंद्रात बसून देशाची काळजी वाहणारा. मागच्या जुलैत तो हंसाबाईच्या दारात येऊन उभा राहिला. धरमसिंग तेव्हा शेळी घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेला होता.

"काकू, काका कारगिलले होते ना?"

"होते ना. तिथंच होते."

नयनने एकदम वाकून तिचे पाय धरले. डोळे पुसले. म्हणाला, "काकू, तुमचा त्याग हा देश इसरनार नाई. सव्वीस जुलैले, कारगिल दिनाले, तुमचा सत्कार हाय. काकांचा एक वर्दीतला फोटो द्या."

इतक्या वर्षांत तिच्या त्यागाचं नाव कोणी काढलं नव्हतं. तिने ट्रंकेतला फोटो पदराने पुसून दिला, वर चहा पाजला, चहात दूधही जास्त घातलं. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, "पोरगं समजदार हाय. म्हने सत्कार माहा हाय, तुमचा नाई."

"बरं झालं," धरमसिंग म्हणाला. "मी मांगं बसतो."

सव्वीस जुलैला निंदणीला आलेल्या बाया परत पाठवून दोघं एसटीने महागावात उतरली. स्टँडच्या समोरच बॅनर होतं. धरमसिंगला आधी आपला फोटो दिसला आणि तो खूश झाला. हंसाबाई चौथी शिकलेली, अक्षरं जुळवत वाचणारी. तिने फोटोभोवतीचा झेंडूचा हार पाहिला, दोन्ही बाजूंच्या समया पाहिल्या आणि मग खालचं वाचलं: अमर शहीद धरमसिंग आडे यांना भावपूर्ण श्रद्धांजली.

ती जागच्या जागी थांबली. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तरी हलली नाही. त्या उन्हाळ्यात गोठ्यात उभी राहून तिने हाच हार रोज डोळ्यांसमोर पाहिला होता. आता तो कोणीतरी छापून भर चौकात टांगला होता, सोबत वीस जणांचे दात काढलेले फोटो.

धरमसिंग सावकाश वाचून हसायला लागला. "अवो, मले मारलं की यायनं!"

"हसू नका," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक निघाला की तो खरंच गप्प झाला.

सभागृहाच्या पायरीवरच नयन भेटला. हंसाबाईच्या शेजारी फोटोतला माणूस उभा पाहून त्याचा चेहरा उतरला.

"काकू, तुमी तं म्हनल्या, होते!"

"होते म्हनजे मेले का रे? तुहे बाबा काल दुकानात होते म्हनलं, तं काय तिरडी बांधू?"

नयन हात जोडू लागला. बॅनर लागले होते, भाषण लिहून झालं होतं, भाऊ निघाले होते. "काकू, फक्त दहा मिनिटं. तुमी स्टेजवर या, शाल घ्या. काका तवर बाहेर चहा घेतीन. कोनाले कळत नाई."

"म्हनजे मी जित्या नवऱ्याची रांडमुंड होऊन तुह्या भाऊची शाल घेऊ?"

"जाऊ दे ना सोनूची याडी," धरमसिंग समजावत म्हणाला; तो तिला लेकीच्या नावाने, सोनूची आई म्हणूनच हाक मारी. "दहा मिनिटं मरायले काय जाते?"

ती नवऱ्याकडे अशी काही पाहत राहिली की तो मुकाट तिच्या मागोमाग आत शिरला.

आत पांढरी कापडं घातलेल्या खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत एक म्हातारी एकटीच बसली होती. शकुबाई तिचं नाव, राळेगावकडची. तिचा मुलगा खरोखरच सीमेवर मारला गेला होता. पहाटेच गाडी पाठवून तिला आणलं होतं आणि तेव्हापासून कोणी पाणीही विचारलं नव्हतं. एक कार्यकर्ता मात्र दोनदा येऊन तिला पदर नीट घ्यायला सांगून गेला, फोटो चांगला यावा म्हणून. हंसाबाईने पिशवीतली बाटली काढून तिला दिली. म्हातारी घटाघटा पाणी प्यायली.

भाऊ तीन तास उशिरा आले. आल्या आल्या पोरांनी घोषणा सुरू केल्या. अमर रहे, अमर रहे. छताचे पत्रे हादरले. शकुबाई हळूच हंसाबाईकडे वाकली.

"माह्या पोराचं नाव अमर व्हतं व बाई. हे वरडतेत तं मले वाटते त्यालेच हाका मारून राह्यले."

हंसाबाईने तिचा हात धरला. मनात जे चाललं होतं ते इथे लिहिण्यासारखं नव्हतं.

भाऊंनी उभ्या आयुष्यात गळ्यातल्या हाराहून जड काही उचललं नसेल. पण भाषणात ते बर्फाचे डोंगर लीलया चढले. धरमसिंग आडे यांनी छातीवर गोळ्या झेलत सात शत्रू लोळवले, असं ते म्हणाले. मागच्या भिंतीला टेकून धरमसिंग लक्ष देऊन ऐकत होता. त्याने बंदुकीने कधी कोणाला मारलं नव्हतं. मग निवेदकाने गळा दाटून आणून पुकारलं, "वीरपत्नी हंसाबाई!"

हंसाबाई उठली. थेट मागच्या भिंतीपर्यंत गेली, नवऱ्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत स्टेजवर घेऊन आली. निवेदक माईक सोडून मागे सरला. भाऊ शाल उलगडून उभे होते. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "हे कोण?"

"हे तेच," हंसाबाई माईकजवळ तोंड नेऊन म्हणाली. "जे तुमी आता मारले ते."

आता यांना तोंड लपवायला जागा राहणार नाही, असं तिला वाटलं. पण निबर माणसाला लाज कशी वाटावी! भाऊंनी डोळ्याचं पातं लवायच्या आत शाल धरमसिंगच्या खांद्यावर टाकली, त्याला कवटाळलं आणि माईक हातात घेतला.

"पाहा मित्रांनो! मृत्यूलाही हरवून परत आलेला आपल्या मातीचा वाघ!"

टाळ्यांचा पाऊस पडला. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली आणि घोषणा देऊ लागली: धरमसिंग आडे अमर रहे! धरमसिंगला काय करावं ते कळेना, म्हणून तो सावधानमध्ये उभा राहिला. फोटोवाले पुढे धावले. त्या धांदलीत शकुबाईची शाल कोणीतरी तिच्या मांडीवर ठेवून गेलं. तिच्या पोराचं नाव घ्यायचं राहूनच गेलं.

कार्यक्रम संपल्यावर मंडपात पुरी-भाजीची गर्दी उसळली आणि भाऊंच्या ताफ्यात सगळ्या गाड्या निघून गेल्या. शकुबाईला घेऊन आलेली गाडीही त्यातच. नयन फोन कानाला लावून "सोय करतो, सोय करतो" म्हणत गर्दीत दिसेनासा झाला. म्हातारी पायरीवर बसून राहिली.

"चाल व माय," हंसाबाई म्हणाली. "आज माह्या घरी. उद्या मी नेऊन देतो तुले. यायच्या सोयीवर राह्यलीस तं पुढच्या सव्वीस जुलैपर्यंत इथंच बसशीन."

संध्याकाळी चुलीपुढे हंसाबाई भाकरी थापत होती. शकुबाई पाटावर बसली होती आणि धरमसिंग ओट्याच्या कडेला. मग म्हातारीने विचारलं, "बापू, तुमी तिकडं काय करत व्हते?"

"खेचर हाकलत होतो, माय. वर सामान न्यायचं."

"अन् येतानी?"

धरमसिंगने पायाच्या राहिलेल्या बोटांवरून हात फिरवला. "येतानी पोरं आनायची."

हंसाबाईचा हात तव्यावर थांबला. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं.

"कसे आनत?" म्हातारीने विचारलं.

"कांबळ्यात गुंडाळून. दोरी घट्ट नाई बांधायची, असा आमचा नेम होता. कोनी बिडी पेटवत नसे. खेचर घसरलं तं आमी आमचं आंग लावत होतो, पन पोराले धक्का लागू देत नव्हतो. वाटेत मी बोलत राहू त्यायच्याशी. आता उतार हाय, आता नाला आला, असं. कायले बोलत होतो, मलेच मालूम नाई."

शकुबाईने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "माह्या अमरलेबी कोनी असंच आनलं असन."

"आनलं असनच, माय. तसंच आनतेत."

हंसाबाईने करपलेली भाकरी बाजूला टाकली आणि नवऱ्याच्या ताटात दुसरी वाढली. त्या भाकरीवर तिने लोण्याचा मोठा गोळा ठेवला.

सकाळी वेगळंच नाटक झालं. धरमसिंगची धाकटी बहीण जमनी ढाणकीला दिलेली. तिने कोणाच्या तरी मोबाइलवर भावाच्या फोटोला हार पाहिला आणि पहिल्या गाडीने निघाली. फाट्यापासून तिचं रडणं ऐकू येऊ लागलं. ऊर बडवत ती अंगणात आली तर भाऊ शेळ्यांना पाला टाकत होता.

"जमनी? इतक्या सकाळी?" तो म्हणाला.

जमनीने हातातली पिशवी त्याच्या पाठीत घातली. एकदा, दोनदा. मग तिथेच मातीत फतकल मारून बसली आणि रडता रडता हसायला लागली. ओसरीवरून शकुबाईही हसली. हसणं ओसरल्यावर जमनीला म्हणाली, "तुहा भाऊ भेटला व बाई तुले."

दुपारी नवरा-बायको दोघंही म्हातारीला पोचवायला निघाली. दोन गाड्या बदलून राळेगाव, तिथून आणखी एक. स्टँडवर नयन धावत आला. भाऊंनी तांड्याच्या फाट्यावर धरमसिंगच्या नावाची कमान जाहीर केली होती. एका फोटोसाठी थांबा म्हणाला.

"कमान?" हंसाबाई म्हणाली. "खालच्या रस्त्यात गुडघाभर चिखल हाय. कमानीखाली काय होडी चालवशीन? अन् हे पाह्य, तुले मढ्यायचीच हौस असन तं तुह्या भाऊचा फोटो ने. त्याले हार लय शोभते."

आजूबाजूची माणसं फिदीफिदी हसली. नयनही हसला, त्याला वाटलं काकू गंमत करताहेत. कमान काही झाली नाही. चिखल आहे तसाच आहे.

यंदा जुलैत मंचाचा फोन आला तेव्हा हंसाबाईने "धरमसिंग मेले, मागच्या वर्षी तुमीच मारले" एवढं सांगून तो ठेवून दिला. सव्वीस तारखेला तिने निंदणीच्या बायांना सुट्टी दिली, तुरीच्या डाळीचं गाठोडं बांधलं आणि नवऱ्याला घेऊन शकुबाईच्या गावी गेली. म्हातारीने भिंतीवरचा अमरचा फोटो उतरवून दाखवला. मिशी फुटत असलेला, कान जरा मोठे असलेला पोरगा. धरमसिंगने तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला. मग शकुबाईने तिघांची पानं घेतली आणि धरमसिंग कमी जेवतो म्हणून त्याच्यावर चांगलीच खेकसली.