नंबर नसलेलं इंजिन

इतकी वर्षं झाली, पण ठाण्याच्या आवारात फटफटणारं ते छोटंसं इंजिन आणि कोठडीच्या गजांमागून आलेली ती आरोळी मी विसरू शकलेलो नाही. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. आजचा वाशीम जिल्हा तेव्हा अकोल्यातच मोडायचा. मंगरूळपीरच्या बाजूच्या एका लहान ठाण्यावर मी नवाच ठाणेदार होतो. वर्दीला कडक इस्त्री होती आणि स्वभावालाही.

एके दिवशी परिसरातले एक मोठे बागाईतदार स्वतःच्या जीपमधून ठाण्यात आले. त्यांच्या मळ्यातलं पाण्याच्या पंपाचं पेट्रोल इंजिन चोरीला गेलं होतं. फिर्याद लिहून घेतली. वर्णन असं : लहान, विलायती, हिरव्या रंगाचं, अंगावर नंबराची पितळी पट्टी. नंबर मात्र त्यांना आठवेना आणि खरेदीचा कागदही सापडेना.

आठवडाभर काही हाती लागलं नाही. मग मोटार स्टँडवरच्या चहावाल्यानं खबर दिली. पोलिसाला अशा माणसाशी नीट वागावं लागतं, कारण सगळ्या गावांची बातमी त्याच्या बाकड्यावर येऊन बसते.

"साहेब, इंझोरीकडच्या एका खेड्यात परवा शंकरपट झाला. बैलाच्या जोड्या पयाल्या अन् मंग लोहारानं बिनाबैलाची गाडी पयवली. इंजिनाची! पहिल्या नंबरच्या जोडीले मांगं टाकलं तिनं!"

शंकरपट म्हणजे त्या भागातली बैलजोड्यांची शर्यत. मी हवालदाराला घेऊन निघालो. लोहाराच्या भात्याशेजारी ती गाडी उभी होती. बाभळीच्या दोन फळ्या, चार लहान चाकं, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसायची जागा, मागे सायकलची साखळी आणि त्या साखळीला जोडलेलं एक छोटं, हिरवट इंजिन. त्याच्यावर नंबराची पट्टी नव्हती. पट्टीच्या जागी रिव्हेटची दोन रिकामी भोकं होती.

माझ्या दृष्टीनं तपास तिथेच संपला. भात्यापाशी बसलेल्या लोहाराला मी दरडावलं, "पट्टी का काढली रे?"

"म्या नाही काढली साहेब. अकोल्याच्या भंगारात असंच भेटलं मले."

"पावती?"

"भंगाराची कोन पावती देते?"

"कोणत्या कंपनीचं आहे हे?"

"थे मलेबी माहीत नाही. दोन वर्सं झाले, तेच पाहून राह्यलो."

चोरानं द्यावीत तशीच ही सगळी उत्तरं होती. मी पंचनामा केला, मुद्देमाल जप्त केला आणि पन्नाशीच्या त्या माणसाच्या हाताला दोरी बांधून त्याला भर गावातून, मारुतीच्या पारावरून पायी नेलं. परवा ज्यांनी त्याच्यासाठी टोप्या उडवल्या होत्या, तेच लोक आता खाली मान घालून उभे होते. मला त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं होतं. सकाळीच त्याची बायको भाकरी घेऊन आली. ती रडली नाही की पाया पडली नाही. माझ्या टेबलासमोर उभी राहून तिनं सरळ विचारलं, "साहेब, आठ दिसाखाली चोरलं असतं, त दोन वर्सं मी याहीच्या हाताचा घासलेटाचा वास कायले सोसला असता?"

मी तिला बाहेर बसायला सांगितलं. पण तिचा प्रश्न काही बाहेर जाईना.

मी लोहाराला विचारलं, "कंपनी माहीत नाही, पुस्तक नाही. मग चालवायचं कसं ते कुणी शिकवलं?"

"त्यानंच शिकवलं," तो म्हणाला. "पुरं खोललं. मोटारीच्या इंजिनाले झडपा असतात, याले झडपाच नाहीत. बाजूच्या भोकातून हवा घेते अन् भोकातूनच धूर सोडते. खालत तेलाचं भांडंबी नाही. मंग म्या म्हटलं, हे तेल पेते कुठून? एक डाव नुसत्या पेट्रोलवर चालवलं, त जाम झालं. पंधरा दिवस घासत बसलो. तवा समजलं, याले पेट्रोलातच तेल कालवून पाजा लागते."

मी हे ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर मला त्यातलं निम्मं कळलं नाही. इतकं घोकून आलेला चोर असू शकतो, असंही मनात आलं.

दहाच्या सुमारास फिर्यादी आले. पंचांसमोर त्यांनी इंजिनावर हात ठेवला. "हेच. रंग हाच, आकार हाच." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना अगदी मनापासून तसंच वाटत होतं. इंजिन चालू स्थितीत आहे की नाही हेही पंचनाम्यात घ्यावं, म्हणून मी ते सुरू करायला सांगितलं. त्यांच्या ड्रायव्हरनं जीपमधलं पेट्रोल टाकीत ओतलं, दोरी ओढली आणि इंजिन फटफटू लागलं.

तेवढ्यात कोठडीतून आरोळी आली.

"बंद करा! साहेब, बंद करा थे! कोरडं हाय! धूर पाहा, निळा धूर नाही! मरन थे!"

गजांतून दोन्ही हात बाहेर काढून तो माणूस अक्षरशः रडत होता. आदल्या दिवशी दोरी बांधली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

मी स्वतः कोठडी उघडली. तो धावत गेला आणि त्यानं इंजिनाच्या हवेच्या तोंडावर तळहात दाबला. इंजिन गुदमरून थांबलं. मग फडकं भिजवून आणून तो त्याचं अंग गार करत बसला. आपण आरोपी आहोत, आवाराचं फाटक सताड उघडं आहे, याचं त्याला भान नव्हतं. मुद्देमाल जळून गेला असता तर चोराला ते बरंच झालं असतं. पुरावाच नाहीसा झाला असता.

मी फिर्यादींकडे वळलो. "तुमच्या इंजिनात तेल कुठून घालतात?"

"खाली वेगळं भांडं आहे त्याला. बाजूला पितळी बूच आहे. हे काय इथं..." असं म्हणत ते वाकले. एका बाजूनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं. बूच नव्हतंच. लोहारानं इंजिन सोडवून उलटं करून दाखवलं. भांडंही नव्हतं.

फिर्यादींचा चेहरा उतरला. "ठाणेदारसाहेब, हे माझं नाही," ते म्हणाले. पंचांसमोर इतकं स्वच्छ कबूल करणारे मोठे लोक मी पुढे फार पाहिले नाहीत.

मग ते नेमकं होतं तरी काय? लढाईत मिस्त्रीकाम केलेला एक निवृत्त जवान मोटार स्टँडवर असे, त्याला बोलावलं. त्यानं घासलेटानं बुडाचा रंग खरवडला. खाली धातूत कोरलेला एक लहानसा बाण निघाला. "फौजेचा शिक्का आहे साहेब. बिनतारी यंत्राच्या बॅटऱ्या भरायला असली इंजिनं होती. लढाई संपल्यावर ढिगानं भंगारात गेली." एवढं सांगून त्यानं लोहाराकडे पाहिलं. "हे खोलून जोडायला आम्हाला पलटणीत पुस्तक द्यायचे. याला कुणी दिलं?"

दुपारी मॅजिस्ट्रेटसमोर सगळी हकीकत मांडून लोहाराला जातमुचलक्यावर सोडलं आणि गाडी सुपूर्तनाम्यावर त्याच्या ताब्यात दिली. कागदोपत्री काम पुरं झालं. पण दोरी बांधून ज्या वाटेनं त्याला आणलं, ती वाट कोणत्या कागदावर परत करणार?

मी लोहाराला म्हणालो, "मिस्त्री, ही गाडी दोन माणसांना ओढेल का?"

त्यानं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ओढन. पन पाय वरते घ्या लागतीन साहेब, नाही त साखळी चावन."

चार वाजता आम्ही त्या गावात शिरलो. तो पुढे, मी मागे. गुडघे हनुवटीला लागलेले, टोपी एका हातात, पूर्ण वर्दी धुळीनं माखलेली आणि मागे निळा धूर. पारावरची माणसं आधी उठून उभी राहिली आणि मग पोट धरून हसली. त्याची बायको दारात आली, तिनं आम्हाला पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. ठाणेदाराची अब्रू त्या दिवशी पार गेली, आणि मला तेच हवं होतं.

बागाईतदारांच्या इंजिनाचा छडा मला शेवटपर्यंत लागला नाही. त्या लोहाराएवढा चांगला तपास मात्र मी उभ्या नोकरीत दुसरा पाहिला नाही. नाव, नंबर, कागद काहीच नसलेल्या वस्तूसमोर तो दोन वर्षं बसला आणि ती काय आहे हे त्यानं तिलाच विचारलं. मी पट्टीची दोन भोकं पाहिली आणि दोरी काढली. पुढे कोणाच्याही हाताला दोरी बांधायच्या आधी मी घटकाभर समोर बसून त्याला बोलू देत असे. हाताखालचे लोक म्हणायचे, साहेब वेळ फार घेतात. घेत होतो.