उद्यापनाला आलेले बूट

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. मागे एकीला भर गोष्टीत ठसका लागला होता.

संपाच्या दिवसांत मी सोळा सोमवार धरले होते. शंकराला म्हटलं होतं, "देवा, गिरणीचा भोंगा वाजू दे, ह्यांचा कापड विणायचा साचा पुन्हा चालू दे. उद्यापनाला मेहुणं जेवू घालीन." उपासाचं काय हो, तेव्हा अख्खं लालबागच उपास करत होतं. मी देवाला कळवून करत होते, एवढंच!

शेवटचा सोमवार जवळ आला आणि नेमकी सरकारने जमावबंदी लावली. चारांहून जास्त माणसं एकत्र दिसली की गाडीत कोंबायचे. पानाच्या गादीपाशी उभं राहून महागाईवर बोलले, म्हणून आमच्या ह्यांना चौकीत नेऊन दम भरलेला. "पुन्हा घोळक्यात दिसलास, तर आतच टाकतो!" आणि इकडे भटजी म्हणतात, पाच मेहुणं तरी हवीतच. पाच नवरे, पाच बायका. म्हणजे माझं उद्यापन सरळ सरळ बेकायदा!

मी आपली युक्ती काढली. नळावर एकेकीच्या कानाशी लागले, "सोमवारी संध्याकाळी आमच्याकडे. दोघंही या. मागच्या जिन्याने, एकेकटे. कुणाला बोलू नका."

सगळं सांगितलं हो, उद्यापन तेवढं सांगायचं राहिलं! मला वाटलं, माझे सोमवार साऱ्या चाळीला ठाऊक आहेत, त्यात आणखी काय सांगायचं?

दुपारपर्यंत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पक्कं झालं, की संपाचा कुणी भूमिगत पुढारी आमच्या खोलीत येणार आणि पुढचं काय ते सांगणार.

सोमवारी बघते तर काय! मागचा जिना पाझरल्यासारखी माणसं येतायत. खोली भरली, गॅलरी भरली. मी हरखून गेले. संपाने माणसं देवाला लागली म्हणायची! हे नारळ घेऊन आले, ते दारातच थबकले.

"अगं, हे काय?"

"माणसं वाढली. तेवढा गूळ आणता का आणखी?"

शेजारच्या मालवणच्या सुलूमावशी कुजबुजल्या, "गो, तो कधी येतलो?"

"मनापासून बोलावलं की येतोच तो," मी देवाकडे बघून म्हटलं. मावशींनी मान डोलावली.

तोवर इकडे वाद पेटला होता. तळमजल्यावरचे तात्या, ह्यांच्याच खात्यातले, मांडीवर थाप मारून म्हणाले, "सगळ्या गिरण्या सरकारने ताब्यात घ्याव्यात! मालकांना घरी बसवा!"

"सरकारने?" बँकेत कारकून असलेले गुरुनाथभावोजी उसळले. "सरकारला सकाळचं दूध धड वाटता येत नाही, ते कापड काय विणणार? आधी सुतावरचा कर कमी करा म्हणावं."

"तू बँकवाला, तू मालकाचीच री ओढणार!"

"आणि तुम्ही सरकार मागताय, तात्या? चार माणसं एकत्र बसू देत नाही, ते सरकार?"

तेवढ्यात दाराशी एक उंचापुरा, मिशाळ माणूस. साधा शर्ट, चाळीत कधी न पाहिलेला. माझ्या अंगावर काटा आला. आई सांगायची, उद्यापनाला न बोलावता पाहुणा आला, तर तो साक्षात शंकर समजायचा. मी धावतच गेले. त्याला पाटावर बसवला आणि तांब्या-परात घेऊन त्याचे पाय धुतले! तो बिचारा पाय मागे घेतोय, मी पुढे ओढतेय.

बरं, देवाच्या पायताणांना बाहेर कुणाची लाथ लागायला नको. म्हणून त्याने दाराशी काढलेले बूट मी दोन्ही हातांनी उचलून आणले, देव्हाऱ्यापाशी ठेवले, वर हळदकुंकू वाहिलं आणि एकेक बेलाचं पान.

खोलीत एकदम चिडीचूप. जाड तळव्याचे, लखलखीत पॉलिशचे पोलिसी बूट सगळ्यांनी ओळखले. एक मी सोडून! मला वाटलं, काय ही एकाग्रता! तात्यांनी तर डोळे मिटून "सुखकर्ता" सुरू केलं. गुरुनाथभावोजी टाळ्या वाजवायला लागले. दोघांचं एकमत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आरती झाली, पानं वाढली. आता देवाला माणसांची ओळख नको करून द्यायला?

"हे आमचे तात्या. जमावबंदी असली तरी रोज गच्चीवर काय सुंदर बोलतात! आणि हे आमचे हे. पानाच्या गादीवरून ह्यांनाच नेलं होतं. ह्यांच्यावर लक्ष असू द्या हं!"

हे डोळ्यांनी खुणा करत होते. मला वाटलं, तूप संपलं असेल.

पाहुणा चूरमा खात होता. दोनदा मागून घेतला. मग हात धुऊन, जरा सैलावून म्हणाला, "तात्या, एक बोलू? गिरण्या सरकारकडे देऊ नका. सरकारची नोकरी मी करतो, मला विचारा! मागच्या पावसाळ्यातला रेनकोट अजून यायचाय."

बोलून गेला आणि त्यानेच जीभ चावली. मला तेव्हा कुठे उजाडलं! हातातली तुपाची वाटी परातीत पडली. ह्यांना माझ्या डोळ्यांदेखत गाडीत घालतील आणि नेमकं नाव सांगणारी मीच!

तो उठला. सगळ्यांवरून नजर फिरवली. ह्यांच्यापाशी थांबला.

"मी इथे आलो नव्हतो," तो हळूच म्हणाला, "आणि तुम्ही जमला नव्हता. वहिनी, माझे बूट?"

मी देव्हाऱ्यापासून उचलून दिले. कुंकू पुसायला गेले, तर म्हणाला, "राहू द्या. पुसू नका." आणि तसाच कुंकवाच्या बुटांनी जिना उतरून गेला.

हे जिन्यापर्यंत जाऊन बघून आले. मग म्हणाले, "तुझा देव आला गं खरा. पण डेप्युटेशनवर!"

भोंगा काही वाजला नाही. वाजेल, असं मी अजून म्हणते आणि घरचे अजून हसतात. पण त्या दिवशी माझा माणूस माझ्या घरात राहिला, हे काय थोडं झालं?

तेव्हा माझं ऐका, तुम्हीही एखादं व्रत धरा. दारी येईल त्याला, ओळखपाळख न विचारता, पोटभर जेवू घाला. पाय धुवावेसे वाटले तर तेही धुवा. फक्त नवऱ्याची ओळख करून देण्याआधी बूट तेवढे बघून घ्या!